निबंध आणि प्रबंध

प्राथमिक शिक्षकास निबंध हा प्रकार परका नाही. तिसरी-चौथीच्या मुलांकडून ‘माझी शाळा’ किंवा ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयांवर पाच-दहा वाक्ये लिहवून घेणे हे त्याचे नित्याचे काम होय. आणि शिक्षकांसाठी भरणाऱ्या निबंधस्पर्धांमुळे त्याचा स्वतःचाही हात या लेखनावर बसलेला असतो. असा शिक्षक नोकरी सांभाळून एम. एड. अथवा शिक्षणशास्त्रातील एम. ए. च्या अभ्यासक्रमास नाव घालतो आणि यथावकाश त्याच्यापुढे लघुप्रबंधाचे काम येऊन ठाकते. त्या वेळी त्याची स्वाभाविक समजूत अशी असते की, प्रबंध म्हणजे लांबविलेला निबंध. निबंध आठ पानांचा, तर प्रबंध ऐंशी पानांचा. या समजुतीने तो पहिले प्रकरण मोठ्या उत्साहाने लिहून काढतो. मार्गदर्शकांकडून ते परत येते. भाषेस नाव ठेवलेले नसते, विचारांसही नसते. परंतु समासात दहा ठिकाणी एकच शब्द लिहिलेला असतो : ‘कशावरून?’

शिक्षक खट्टू होतो. जे सर्वांस ठाऊक आहे, जे त्याने स्वतः वीस वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे, त्याबद्दल ‘कशावरून’ ते काय विचारावयाचे? त्याचे खट्टू होणे समजण्यासारखे आहे, परंतु प्रबंधाची सारी शिस्त त्या एका शब्दातच साठविलेली आहे. निबंधात लेखकाचा शब्द हाच पुरावा असतो. प्रबंधात लेखकाचा शब्द पुरावा म्हणून चालत नाही. तो ज्या आधारावर उभा आहे तो आधार वाचकापुढे ठेवावा लागतो, आणि तो आधार लेखकाच्या मताविरुद्ध गेला तर लेखकास आपले मत सोडावे लागते. पानांच्या संख्येचा भेद त्यानंतरचा आहे.

दोन्ही शब्द ‘बंध्’ या एकाच धातूपासून निघाले आहेत. बांधणी दोहोंतही आहे. गमतीची गोष्ट अशी की, जुन्या काळी ‘निबंध’ या शब्दाचा अर्थ आजच्या प्रबंधाला अधिक जवळचा होता. कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) हा धर्मशास्त्रातील निबंधग्रंथ होय. कोणत्या व्रताविषयी कोणत्या स्मृतीचे अथवा पुराणाचे काय वचन आहे, आणि दोन वचने परस्परविरोधी असल्यास कोणते ग्राह्य मानावे, याची त्यात आधारांसहित छाननी असते. ग्रंथकारास काय वाटते एवढ्यावर तेथे भागत नाही. मराठीत निबंधाला आजचे रूप आले ते मुख्यतः विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’मुळे. १८७४ साली सुरू झालेल्या त्या मासिक पुस्तकात लेखकाचे मत, त्याचा आवेश, उपरोध आणि आवडनिवड ही सारी उघडपणे वावरतात, आणि वाचक ते वाचीत ते त्यांसाठीच. तेव्हापासून निबंध हा लेखकाच्या मनाचा झाला, आणि आधार देण्याचे काम पुढे विद्यापीठांच्या काळात प्रबंधाकडे गेले.

या दोन प्रकारांतील अंतर पाहावयाचे तर एकाच लेखणीतून उतरलेले दोन्ही नमुने डोळ्यांसमोर ठेवावेत. इरावती कर्वे यांच्याइतके बोलके उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. त्यांचा ‘परिपूर्ती’ हा निबंधसंग्रह १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील याच नावाच्या निबंधात लेखिकेची ओळख एका सभेत करून दिली जाते : अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी, स्वतः विदुषी. ही ओळख त्यांना कोठेतरी अपुरी वाटते. पुढे रस्त्याने जाताना शाळेतील मुले आपसांत बोलताना त्यांच्या कानी पडते की, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ओळख पुरी झाली, असे त्यांना वाटते. एवढाच प्रसंग. हा निबंध वाचून कोणी असे विचारीत नाही की, बाईंनी किती मातांना प्रश्न विचारले, त्यांपैकी किती जणींस असे वाटले, आणि ज्यांस वाटले नाही त्यांची कारणे कोणती. तसे विचारणे हेच हास्यास्पद ठरेल. लेखिकेला तसे वाटले, ते तिने प्रामाणिकपणे सांगितले आणि वाचकाला ते पटले. निबंधाचे काम झाले.

त्याच इरावतीबाईंनी याच्या सुमारे वीस वर्षे आधी बर्लिन येथे डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला होता. विषय होता मानवी कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंतील असमानतेचा. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे त्या काळी तेथील मानववंशशास्त्राच्या मोठ्या संस्थेचे संचालक होते, आणि युरोपीय लोकांच्या कवटीतील असमानता व त्यांची कथित बौद्धिक श्रेष्ठता यांचा काही संबंध दाखविता येईल, अशी त्यांची धारणा होती. पंचविशीच्या आतबाहेरच्या, परक्या देशात परक्या भाषेत शिकणाऱ्या या विद्यार्थिनीने १४९ कवट्यांची मापे घेतली. असमानता आढळली, परंतु तिचा वंशाशी संबंध आढळला नाही. आणि जे आढळले नाही ते आढळले नाही असेच त्यांनी लिहिले. त्यांची नात ऊर्मिला देशपांडे व थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र २०२४ साली प्रसिद्ध झाले, त्यात ही हकिकत सविस्तर आली आहे. निष्कर्ष मार्गदर्शकांच्या मनाजोगता नव्हता; श्रेणी बेताचीच मिळाली, पदवी मात्र मिळाली. वंशश्रेष्ठत्वाच्या त्याच कल्पनेने १९३३ नंतर जर्मनीत कोणता अनर्थ घडविला, हे येथे सांगावयास नको.

आता असे पाहावे की, हीच गोष्ट इरावतीबाईंनी त्या वेळी निबंधात लिहिली असती तर काय झाले असते. ‘सर्व मानव समान आहेत’ असा एक उदात्त निबंध झाला असता, आणि ज्यांचे मत विरुद्ध होते त्यांनी तो बाजूस सारला असता. कारण एका मतास दुसरे मत हे उत्तर होऊ शकते. मापास मात्र मतानेच उत्तर देता येत नाही, त्यासाठी दुसरे माप घ्यावे लागते. प्रबंधाचे बळ ते इतकेच. त्याची भाषा रुक्ष असते, तो थोड्यांकडूनच वाचला जातो, परंतु लिहिणारा विद्यार्थी असला आणि समोरचा मोठा अधिकारी असला, तरी तो आपल्या जागी उभा राहू शकतो.

परंतु खेड्यातील शिक्षकाने कवट्या मोजावयाच्या नाहीत. त्याच्या हाती काय आहे ते पाहू जाता, एक उदाहरण कल्पनेने घ्यावे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका दोनशिक्षकी शाळेतील गुरुजींनी ‘पालकांची उदासीनता : ग्रामीण शिक्षणातील अडसर’ असा एक निबंध लिहिला आहे, असे समजावे. निबंध चांगला आहे. मुले शाळेत येत नाहीत, आईबापांस त्याचे काही वाटत नाही, पाटी-पुस्तकाऐवजी लेकराच्या हाती कोयता दिला जातो, असे त्यात कळवळून लिहिले आहे. निबंधास बक्षीसही मिळाले आहे. साहजिकच गुरुजी लघुप्रबंधासाठी हाच विषय घेऊन मार्गदर्शकांकडे जातात.

मार्गदर्शक विचारतात : कोणते पालक? कोणती मुले? कोणत्या वर्षांतील? आणि उदासीनता मोजावयाची कशाने? शेवटच्या प्रश्नापाशी गुरुजी अडखळतात, कारण उदासीनता ही काही हजेरीपटावर लिहिलेली नसते. मोजता येते ती गैरहजेरी. म्हणून विषय बदलतो आणि लहान होतो : आपल्या केंद्रातील चार शाळांतील पहिली ते चौथीच्या मुलांच्या गैरहजेरीचे सलग तीन वर्षांतील महिनावार व वारनिहाय स्वरूप. नव्या विषयास जुन्याचा दिमाख नाही, स्पर्धेत त्यास कोणी उत्तेजनार्थही बक्षीस देणार नाही. पण या विषयात काही शोधता येते. पहिल्यात सारे आधीच ठरून गेले होते.

लगेच दुसरी अडचण उभी राहते. गैरहजर कोणास म्हणावे? प्रश्न बाळबोध वाटतो. पण सकाळी हजेरी देऊन मधल्या सुटीत खिचडी खाऊन घरी गेलेले मूल हजर की गैरहजर? आठ दिवसांसाठी मामाच्या गावी गेलेले आणि तेथील शाळेत बसलेले मूल? ज्याचे नाव पटावर आहे, पण जे जूनपासून एकदाही आलेले नाही, ते? निबंधात ‘गैरहजर’ हा शब्द सर्वांस समजतो व तेवढे पुरते. प्रबंधात तो कोणत्या अर्थाने वापरला आहे हे प्रारंभीच सांगून ठेवावे लागते आणि शेवटपर्यंत त्याच अर्थास चिकटून राहावे लागते. मध्येच सोयीप्रमाणे अर्थ बदलला तर मोजणी व्यर्थ जाते. खेरीज हजेरीपट हा पुरावा खरा, पण तोही कोणीतरी भरलेला असतो. तो रोज भरला गेला की आठवड्याने एकदम, याची खात्री करून घेणे, आणि शंका असेल तर ती प्रबंधात नमूद करणे, हेही अभ्यासकाचेच काम. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण त्या हजेरीपटावर काही ठिकाणी सही आपलीच असते.

गुरुजी तीन वर्षांचे हजेरीपट घेऊन बसतात. रिकाम्या चौकटी मोजू लागतात, आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात येते की, गैरहजेरी सर्वत्र सारखी पसरलेली नाही. काही नावांपुढे दिवाळीपर्यंत एकही खाडा नाही. दिवाळीची सुटी संपली की तेथून गुढीपाडव्याच्या सुमारापर्यंत ओळच्या ओळ कोरी. ही ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुले. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मूल गाडीत बसून कारखान्याच्या तळावर जाते. दुसऱ्या काही नावांपुढे खाडे आहेत ते आठवड्यातील एकाच वारी. तो शेजारच्या गावच्या बाजाराचा वार. तिसरीतील एका मुलीपुढे दर आठवड्यास दोन-तीन खाडे आहेत, परंतु याच शाळेत चौथीत असलेल्या तिच्या भावापुढे नाहीत. घरी जाऊन विचारले असता कळते की, आई रोजगारास जाते त्या दिवशी धाकटे मूल सांभाळण्यास ती मुलगी घरी राहते.

याच घरभेटींत गुरुजींना आणखी एक गोष्ट दिसते, जी त्यांच्या निबंधात कोठेच नव्हती. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांपैकी काहींची मुले मुळीच गैरहजर नाहीत. आईबापांनी त्यांस आजीपाशी अथवा शेजारणीपाशी ठेवले आहे, काहींनी हंगामी वसतिगृहाच्या सोयीत घातले आहे. सहा महिने लेकरू डोळ्यांआड ठेवून जाणारी ही माणसे उदासीन कशी म्हणावीत? ज्या आईवर निबंधात ठपका ठेवला होता, तिच्यासारख्याच दुसऱ्या आईने शाळा बुडू नये म्हणून काय केले, हे पटाने दाखविले. काही मुलांची गैरहजेरी मात्र यांपैकी कशातच बसत नाही. कारण विचारले तर घरचेही नीट सांगत नाहीत, आणि त्यांपैकी एक-दोघांबाबत गुरुजींची जुनी समजूत खरीही असू शकेल. ती मुले ‘कारण निश्चित करता आले नाही’ या रकान्यात जातात. निबंध लिहिणाऱ्याच्या मनास हा रकाना फार टोचतो. प्रबंधात तो असणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण होय. जेथे असा एकही रकाना नाही, तेथे परीक्षकांस उलट संशय येतो.

निबंधातील वाक्य आणि प्रबंधातील वाक्य एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे भाषेचा भेदही उलगडतो. ‘खेड्यातील माय लेकराच्या हाती पाटीऐवजी कोयता देते’ हे निबंधातील वाक्य. ‘नोव्हेंबर ते मार्च या काळात सलग वीस दिवसांहून अधिक गैरहजर राहिलेल्या मुलांपैकी बहुतेकांची कुटुंबे त्या काळात ऊसतोडीसाठी स्थलांतरित झाली होती (तक्ता क्र. ४)’ हे प्रबंधातील. पहिल्यात कळवळा आहे, परंतु त्यावर कोणास काही करता येत नाही. दुसऱ्यात कळवळ्याचा मागमूस नाही. तरीही ते वाचून गटशिक्षणाधिकाऱ्यास हंगामी वसतिगृह कोणत्या गावी, कोणत्या महिन्यापासून व किती मुलांसाठी लागेल, याचा अंदाज बांधता येतो. विशेषणे, उद्गारचिन्हे आणि सुभाषिते प्रबंधातून आपोआप गळून पडतात, ती कोणी मनाई केली म्हणून नव्हे, तर ‘कशावरून’ या प्रश्नास त्यांच्यापाशी उत्तर नसते म्हणून.

मोजणी केली म्हणजे सारे साधले, असेही नाही. मोजण्याची रीतही तपासावी लागते. याचे एक प्रसिद्ध उदाहरण प्राथमिक शिक्षणाच्याच इतिहासात आहे. सर फिलिप हार्टोग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२९ साली आपला अहवाल सादर केला. त्यात असे दाखविले होते की, १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ मुले होती. ‘गळती’ व ‘स्थगन’ हे शब्द त्यानंतर शिक्षणविषयक लेखनात रूढ झाले. आकडा हादरवून सोडणारा आहे, आणि कित्येक निबंधांची सुरुवात त्याने झालेली आहे. परंतु अभ्यासकाने येथे थांबून विचारावे की, पहिलीतील त्या १०० मुलांत त्या वर्षी नव्याने दाखल झालेली किती, आणि आदल्या वर्षीचीच पुन्हा बसलेली किती? चौथीतील ती १८ मुले त्याच शंभरांपैकी आहेत की त्यांत मागे राहिलेली जुनी मुलेही मिसळली आहेत? दोन वर्षांच्या दोन वर्गांचे पट शेजारी ठेवले म्हणजे तीच मुले पाहिली, असे होत नाही. गळती मोठी होती यात शंका नाही. ती नेमकी किती, हे त्या रीतीने समजत नाही.

येथे खेड्यातील शिक्षकापाशी मोठ्या समित्यांपाशी नसलेले एक साधन आहे. ते म्हणजे शाळेच्या कपाटातील दाखल-खारीज रजिस्टर. एखाद्या जून महिन्यात पहिलीत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव त्यात आहे. ते मूल पुढे वर्ग ओलांडीत गेले, दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेले की नाव कमी झाले, हेही तेथेच नोंदलेले असते. तेव्हा वर्गांचे पट न जुळविता एकेका नावाचा माग काढीत जाता येते. वीस मुलांच्या गावात हे काम आठ दिवसांचे आहे. मागील काही वर्षांच्या नोंदी संगणकावरही मिळतात, पण जुन्या वर्षांसाठी धूळ झटकून रजिस्टरच काढावे लागते. मात्र जुन्या शब्दांविषयी सावध राहावे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गात मागे ठेवणे बंद झाले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती राज्यांना पुन्हा मोकळीक दिली. म्हणून १९६० च्या सुमारास लिहिलेल्या एखाद्या प्रबंधातील ‘स्थगन’ आणि आजचे मागे पडणे या एक गोष्टी नव्हेत. तो शब्द तसाच उचलून आजच्या तक्त्याच्या माथ्यावर घातला, तर मोजणी बरोबर असूनही अर्थ चुकेल.

दुसऱ्यांच्या लेखनाचा उपयोग कसा करावा, याविषयी शिक्षकांत बरीच गैरसमजूत आढळते. निबंधात ‘एका थोर विचारवंताने म्हटलेच आहे’ एवढ्याने काम भागते. प्रबंधात तो विचारवंत कोण, त्याने कोठे म्हटले, त्या पुस्तकाची आवृत्ती व पृष्ठ कोणते, हे द्यावे लागते. म्हणजे वाचकास वाटल्यास त्याने जाऊन ताडून पाहावे. तालुक्याच्या ग्रंथालयातून आणलेले पुस्तक परत करण्यापूर्वी पृष्ठांक टिपून ठेवला नाही, तर पुढे एका ओळीसाठी पुन्हा तीस किलोमीटरची खेप पडते. हा अनुभव न घेतलेला अभ्यासक विरळा. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा आणि त्याखाली लगेच पुस्तक व पृष्ठ, ही जुनी पद्धत आजही तितकीच सोयीची आहे. दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून उतरवून घेणे हा तर दोषच होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी नियम केले. त्यांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, त्यापुढे साम्य जसे वाढेल तशी शिक्षा वाढते. पण यंत्राच्या तपासणीत सुटलो म्हणजे झाले, असे समजू नये. पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा हा उतारे डकविण्यासाठी नसतो. आपल्या प्रश्नाचे कोणते अंग इतरांनी आधीच पाहिले आहे व कोणते राहिले आहे, एवढे त्यातून दिसले पाहिजे.

शिक्षणशास्त्रातील लघुप्रबंधाची पाच प्रकरणे आता जवळपास ठरून गेली आहेत : प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, संशोधनपद्धती, माहितीचे विश्लेषण, आणि अखेरीस निष्कर्ष व शिफारशी. ही प्रकरणे वाचावयाची ज्या क्रमाने, त्याच क्रमाने लिहावीत असे मात्र नाही. निबंध पहिल्या वाक्यापासून सुचत जातो; पहिले वाक्य साधले की पुढचे त्याच्यामागे येते. प्रबंधाचे असे नसते. कल्पनेतील त्या गुरुजींनी प्रस्तावना प्रथम लिहिली असती, तर ती पालकांच्या उदासीनतेविषयीच झाली असती, आणि मग हजेरीपटात दिसलेले सारे त्या प्रस्तावनेशी भांडत बसले असते. तिसरे व चौथे प्रकरण हाती आल्यावर पहिल्यास हात घालावा. शिफारशींच्या बाबतीत शिक्षकाचा हात फार सैल सुटतो, तो आवरावा. शासनाने अमुक करावे, समाजाने तमुक करावे, अशा चाळीस शिफारशी लिहिण्यात अर्थ नाही. जिच्यामागे चौथ्या प्रकरणातील एखादा तक्ता उभा नाही, ती शिफारस पुन्हा निबंधच होय. बाजाराच्या वारी अर्धा वर्ग रिकामा राहतो असे आढळले असेल, तर नवा पाठ त्या वारी सुरू करू नये, एवढी एक शिफारसही पुष्कळ आहे, आणि ती अमलात आणण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

मुलांची नावे व जात, त्यांच्या घरची स्थिती या गोष्टी शिक्षकास विश्वासाने कळलेल्या असतात. प्रबंधात नावाऐवजी क्रमांक घालावा. लहान गावात क्रमांकावरूनही मूल ओळखू येते. तशी भीती असेल तेथे तपशील कमी करावा, पण कोणाचे घर उघडे करू नये. घरभेटीच्या वेळी हे कशासाठी विचारीत आहोत, ते आईबापांस त्यांच्या बोलीत सांगणे हेही अभ्यासाचेच अंग आहे.

प्रबंधाची ही शिस्त अंगी बाणली म्हणजे एक लहानसा धोका संभवतो, त्याचीही नोंद येथे घेतली पाहिजे. ‘कशावरून’ विचारण्याची सवय लागलेला शिक्षक कधीकधी वर्गात येऊन मुलांच्या निबंधांवर तीच लाल शाई चालवू लागतो. चौथीतील मुलाने ‘आमची म्हैस फार हुशार आहे’ असे लिहिले, तर तेथे पुरावा मागून त्याला गप्प करू नये. अथवा मागावा, पण ऐकण्याच्या हौसेने मागावा. मग ते मूल सांगेल की, म्हैस परक्या माणसास दूध देत नाही, आणि आई आजारी होती त्या दिवशी आत्याने आईचे लुगडे नेसून धार काढली. त्याचा निबंध तेवढ्याने चार ओळींनी वाढेल आणि खरा होईल. दोन्ही लेखनप्रकारांत खोट्यास जागा नाहीच. भेद आहे तो खरे कोणाच्या साक्षीने सांगावयाचे याचा. म्हशीविषयी त्या मुलाची साक्ष पुरेशी आहे. त्याच्या वर्गातील अठ्ठावीस मुलांविषयी गुरुजींची एकट्याची साक्ष पुरेशी नाही.

प्रबंध पुरा झाल्यावर त्याची एक प्रत विद्यापीठात जाते. दुसरी शाळेच्या कपाटात, ज्या हजेरीपटांवरून ती मोजणी केली त्यांच्या शेजारी ठेवावी, आणि कोणत्या वर्षांचे पट वापरले ते पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावे. बदली होऊन येणाऱ्या नव्या शिक्षकास मग तेच पट काढून पुन्हा मोजता येतील, आणि एखाद्या महिन्याची बेरीज चुकलेली आढळली तर ती तेथेच समासात दुरुस्त करता येईल.